गाडी जुनी, भुर्दंड नवा

‘गाडी फर्स्ट ओनर आहे, साहेब. डॉक्टरांनी वापरलेली. घर ते दवाखाना, एवढीच चालली आहे.’ जुन्या मोटारींच्या बाजारात पाऊल ठेवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावे लागते. या बाजारात डॉक्टरांच्या म्हणून जेवढ्या मोटारी विकल्या जातात, तेवढे डॉक्टर तरी राज्यात आहेत का, असा प्रश्न पडावा! पण विनोद बाजूला ठेवला, तर या वाक्यामागचा हिशेब गंभीर आहे. विक्रेत्याला गाडीची कुंडली ठाऊक असते, ग्राहकाला नसते. ग्राहकाला जे ठाऊक नसते, त्याचीच किंमत त्याच्याकडून वसूल केली जाते.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये नेमका हाच मुद्दा जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन मांडला होता. खरी माहिती एकाच बाजूकडे असेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो, हे त्यांचे प्रतिपादन. त्यासाठी २००१ मध्ये त्यांना अन्य दोघांसह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात गाडी घ्यायला निघालेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला हा सिद्धांत पुस्तकातून वाचावा लागत नाही. तो बिलाच्या रूपाने हातात पडतो.

जुनी गाडी घेणे मुळात चुकीचे नाही, उलट अनेकदा ते शहाणपणाचेच असते. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर नवी पेट्रोल मोटार घेताना किमतीनुसार ११ ते १३ टक्के, तर डिझेल मोटारीवर १३ ते १५ टक्के एकरकमी वाहन कर भरावा लागतो. हा कर पहिल्या मालकाने आधीच भरलेला असतो. पहिल्या दोन-तीन वर्षांतली किमतीतली मोठी घसरणही त्यानेच सोसलेली असते. मात्र हा सगळा फायदा व्यवहाराच्या शेवटच्या अर्ध्या तासात गमावण्याची सोय बाजाराने करून ठेवली आहे.

काचेवरची किंमत, हातातले बिल

एक कल्पित पण या बाजारात सहज घडणारे उदाहरण घेऊ. गाडीच्या काचेवर किंमत लिहिली आहे ३ लाख ७५ हजार रुपये. कुटुंबाला गाडी पसंत पडते, मुले मागच्या सीटवर बसूनही पाहतात, १० हजार रुपये इसार दिला जातो. दोन दिवसांनी उरलेली रक्कम घेऊन गेल्यावर कागद पुढे येतो. ‘आरटीओ खर्च’ १२ हजार, ‘फाइल चार्ज’ ५ हजार, विमा १४ हजार, ‘वॉरंटी पॅकेज’ १५ हजार आणि ‘हँडलिंग’ ६ हजार. एकूण ५२ हजार रुपयांची वाढ. गाडी आता ४ लाख २७ हजारांची झाली.

यातले काही खर्च खरे असतात, काही फुगवलेले असतात आणि काहींचा अर्थ स्वतः विक्रेत्यालाही सांगता येत नाही. पण इसार दिलेला असतो, घरी पेढे आलेले असतात आणि ‘एवढ्यासाठी कशाला अडायचे’ असे म्हणून सही केली जाते. विक्रेत्याचा सारा भरवसा या ‘एवढ्यासाठी’वरच असतो. किमतीवर घासाघीस करताना हजार-दोन हजारांसाठी ताणून धरणारा ग्राहक, त्यानंतरच्या ५० हजारांवर घासाघीस करीतच नाही.

म्हणून पहिला नियम असा की, ‘गाडीची किंमत किती’ हा प्रश्न विचारू नये. ‘गाडी, तिचे सर्व कागद माझ्या नावावर होऊन आणि विमा बदलून, एकूण किती रुपयांत मिळेल’ असे विचारावे आणि उत्तर इसार देण्यापूर्वी लेखी घ्यावे.

सरकारी शुल्क शेकड्यांत, ‘आरटीओ खर्च’ हजारांत

मालकी हस्तांतराचे सरकारी शुल्क केंद्रीय मोटार वाहन नियमांत ठरवून दिलेले आहे. खासगी मोटारीसाठी ते ३०० रुपये आणि दुचाकीसाठी १५० रुपये आहे. स्मार्ट कार्डाच्या स्वरूपातल्या नोंदणी प्रमाणपत्राचे २०० रुपये आणि किरकोळ टपालखर्च त्यात मिळवावा. गाडी कर्ज काढून घेतली, तर नव्या बँकेचा बोजा नोंदवण्याचे मोटारीसाठी १५०० रुपये वेगळे. याचा अर्थ, राज्यातल्या राज्यात, निर्वेध कागद असलेल्या मोटारीचे नाव बदलण्याचा सरकारी खर्च पाच-सहाशे रुपये, आणि कर्ज असेल तर दोन हजारांच्या आसपास. वरचे सारे पैसे एजंटाच्या आणि विक्रेत्याच्या श्रमाचे मोल म्हणून घेतले जातात.

श्रमाचे मोल घेणे गैर नाही. नोकरदार माणसाला आरटीओच्या फेऱ्या मारायला वेळ नसतो. पण ते मोल सरकारी शुल्काच्या नावाखाली का घ्यावे? त्यामुळे ‘आरटीओ खर्च’ हा शब्द ऐकताच दोन आकडे वेगळे मागावेत : सरकारला किती आणि तुम्हाला किती. सरकारी शुल्क परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येते आणि त्याची पावती निघते. ही पावती देण्याची तयारी नसेल, तर आकडा फुगवलेला आहे, असे समजायला हरकत नाही.

जीएसटी नेमका कशावर?

‘वर १८ टक्के जीएसटी’ हे आणखी एक धमकीवजा वाक्य. ते अर्धसत्य आहे. जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४ च्या बैठकीत जुन्या वाहनांवरील दर एकसमान १८ टक्के केला आणि तो जानेवारी २०२५ पासून लागू झाला. मात्र ही आकारणी नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्याच्या फरकावर होते, गाडीच्या संपूर्ण किमतीवर नव्हे. व्यापाऱ्याने एखादी गाडी ३ लाखांना घेऊन ३ लाख ६० हजारांना विकली, तर कर ६० हजारांवर लागतो, म्हणजे १० हजार ८०० रुपये. संपूर्ण ३ लाख ६० हजारांवर १८ टक्के लावले, तर ती रक्कम ६४ हजार ८०० होते. दोन्हींतला फरक कोणाच्या खिशात जातो, हे वेगळे सांगायला नको.

एखाद्या नोकरदाराने आपली वैयक्तिक वापराची गाडी थेट दुसऱ्या व्यक्तीला विकली, तर त्या विक्रीवर जीएसटीचा प्रश्नच येत नाही. तेव्हा जीएसटी आकारला असेल, तर व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक असलेले रीतसर बिल मागावे. ‘बिल हवे असेल तर किंमत वेगळी’ असे उत्तर आल्यास तिथून काढता पाय घेणे उत्तम.

विमा मिळतो, बोनस मिळत नाही

‘विमा चालू आहे, अजून सात महिने बघायला नको,’ असे सांगितले जाते. यातही एक मेख आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार गाडी विकली गेली की विम्याचा तृतीय पक्षाचा भाग नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते. म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली, तर त्याला संरक्षण आहे. पण तुमच्या स्वतःच्या गाडीचे नुकसान झाले, तर? त्या भागाचे आपोआप हस्तांतर होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यासाठी नव्या मालकाने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. ती न करता गाडी ठोकली, तर दुरुस्तीचा खर्च पदरचाच!

दुसरी बाब नो क्लेम बोनसची. वर्षानुवर्षे दावा न केल्याबद्दल मिळणारी २० ते ५० टक्क्यांची ही सवलत गाडीची नसते, मालकाची असते. गाडी विकली तरी ती जुन्या मालकाकडेच राहते. त्यामुळे पॉलिसी नावावर करताना उरलेल्या मुदतीपुरता त्या सवलतीचा फरक नव्या मालकाला भरावा लागतो. समजा, स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा वार्षिक हप्ता १० हजार होता आणि ५० टक्के बोनसमुळे जुन्या मालकाने ५ हजारच भरले. सहा महिने शिल्लक असतील, तर सुमारे अडीच हजार रुपये आणि वर कर, हा खर्च तुमच्या माथी येतो. तो आधी कोणी सांगत नाही.

याच बोनसचा एक उपयोगही आहे. पाच-सहा वर्षांच्या, एकाच मालकाच्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य टक्के दिसत असेल, तर गेल्या वर्षी दावा झालेला असण्याची दाट शक्यता असते. ‘साधा ओरखडाही नाही’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याला मग तो दावा कशाचा होता, हे अवश्य विचारावे.

हप्त्याचे गणित

‘किमतीचे सोडा, महिन्याला किती झेपेल ते सांगा,’ हा प्रश्न आपुलकीचा वाटतो. प्रत्यक्षात विक्रीकलेतला तो सर्वांत जुना डाव आहे. हप्ता छोटा दिसावा म्हणून मुदत वाढवायची आणि किमतीवरून ग्राहकाचे लक्ष उडवायचे, हा त्याचा हेतू.

त्यात भर पडते ‘फ्लॅट’ व्याजदराची. ४ लाखांचे कर्ज, तीन वर्षे मुदत, ९ टक्के फ्लॅट दर. व्याज सरळ मूळ रकमेवर तीन वर्षांचे, म्हणजे १ लाख ८ हजार रुपये. परतफेड ५ लाख ८ हजार आणि हप्ता सुमारे १४ हजार १११ रुपये. ऐकायला ९ टक्के. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असूनही व्याज मात्र पूर्ण रकमेवर लावले जाते. घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजले, तर हाच दर सव्वासोळा टक्क्यांच्या घरात जातो. याउलट, बँकेने घटत्या शिलकीवर १२ टक्के दर सांगितला, तर हप्ता सुमारे १३ हजार २८६ रुपये बसतो आणि एकूण व्याज ७८ हजारांच्या आसपास. म्हणजे १२ टक्क्यांचे कर्ज ९ टक्क्यांच्या कर्जापेक्षा जवळजवळ ३० हजारांनी स्वस्त!

या भूलथापेवर आता एक उतारा उपलब्ध आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्थांना नव्या किरकोळ कर्जांसाठी महत्त्वाच्या तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात प्रक्रिया शुल्क आणि इतर आकारांसह कर्जाचा खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. विक्रेत्याच्या टेबलावर कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी तो एकच आकडा वाचावा आणि आपल्या बँकेच्या आकड्याशी ताडून पाहावा. कर्ज मिळवून देण्याबद्दल विक्रेत्याला अनेकदा दलाली मिळते, हे विसरू नये.

बोलण्यातले डावपेच

जुन्या गाड्यांच्या बाजारात काही संवाद ठरलेले असतात. ‘आत्ताच एक पार्टी येऊन गेली, संध्याकाळी पैसे घेऊन येणार आहे.’ ‘हा भाव फक्त आजच्या दिवसापुरता.’ ग्राहकाने रात्रभर विचार करू नये, मेकॅनिकला दाखवू नये, यासाठीच ही घाई केली जाते. आपण पोहोचण्याआधीच इंजिन सुरू करून गरम ठेवण्याची युक्तीही जुनीच. थंड इंजिन सुरू होताना जो आवाज, जो धूर दिसतो, तो गरम इंजिनात लपतो. म्हणून गाडी पाहण्याची वेळ आपण ठरवावी आणि बॉनेटला हात लावून पाहावा. तो गरम असेल, तर थोड्या वेळाने पुन्हा यावे.

ऑनलाइन कंपन्यांनी या व्यवहारात काहीशी शिस्त आणली, हे मान्य करावे लागेल. पण तिथेही पहिल्या पडद्यावरची किंमत आणि शेवटच्या पडद्यावरची किंमत यांत अंतर पडू शकते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या ऑनलाइन रचनांविरोधात मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. किंमत थेंबाथेंबाने उघड करणे, खोटी निकड निर्माण करणे, ग्राहकाच्या नकळत एखादी सेवा खरेदीत घुसवणे, अशा तेरा प्रकारांचा त्यात समावेश आहे. त्यामुळे आधीच खूण केलेली ‘वॉरंटी’ आपण मागितली नसेल, तर ती काढून टाकायला सांगण्याचा हक्क ग्राहकाला आहे. वॉरंटी घ्यायचीच असेल, तर तिच्यात काय येत नाही, ती यादी आधी वाचावी. क्लच, ब्रेक, टायर, बॅटरी हे झिजणारे भाग बहुधा त्याच यादीत सापडतात. परत करण्याच्या सवलतीलाही किती दिवस आणि किती किलोमीटर, अशा अटी असतात.

गाडी स्वतःच बोलते

मीटर मागे फिरवणे हा या धंद्यातला जुना रोग. डिजिटल मीटर आल्यावर तो बरा झाला, असा गैरसमज आहे. उपकरण जोडून आकडा बदलता येतो. पण बाकीची गाडी खोटे बोलत नाही. ३० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत झालेले नसते, स्टीअरिंगला तेलकट चकाकी आलेली नसते. टायरच्या कडेला चार अंकी आकडा असतो. ‘३५२१’ म्हणजे २०२१ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी २०२० ची, मीटर २० हजारांचे आणि चारही टायर २०२३ चे असतील, तर पहिले टायर इतक्या लवकर का झिजले? सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी किलोमीटर लिहिले जातात. ते मागताना विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर उत्तर मिळाले, असे समजावे.

पावसाळ्यानंतर विशेष सावध राहावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरने आणि २०२१ मध्ये चिपळूणने तसाच पूर पाहिला. बुडालेली गाडी धुऊन, अत्तर फवारून विकता येते; पण तिची वायरिंग पुढे महिनोन्‌महिने दगा देत राहते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा, टोकाशी चिखलाची रेषा दिसते. सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज आणि गालिच्याखालचा वास लपवणे अवघड असते. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर दोष लपवण्यासाठी दिवाच काढलेला असू शकतो. हे सारे तपासायला आपला मेकॅनिक सोबत न्यावा. त्याला दिलेले हजार-दीड हजार रुपये, हा या व्यवहारातला सर्वांत फायदेशीर खर्च ठरतो.

मागून येणारे खर्च

काही भुर्दंड विक्रेत्याच्या बिलात नसतात. ते गाडीसोबत घरी येतात. थकलेली ई-चलने हे त्यातले नेहमीचे उदाहरण. गाडीचा क्रमांक टाकून ती ऑनलाइन पाहता येतात. ती थकलेली असतील, तर आरटीओतील कामे अडू शकतात आणि मग नाइलाजाने जुन्या मालकाचा दंड नवा मालक भरतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांना राज्यात उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची करण्यात आली. तिचा दर दुचाकीसाठी ४५०, तर मोटारीसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी असा ठरवण्यात आला. ती बसवलेली नसेल, तर तो खर्चही धरावा. बाहेरून बसवलेले सीएनजी किट नोंदणी प्रमाणपत्रावर चढवलेले आहे का आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, हेही पाहावे.

गाडीचे वयही खर्चाचेच कलम आहे. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. तेरा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली, तरी दोन वर्षांत तिची फेरनोंदणी येते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झाले. त्यावर राज्याचा पर्यावरण कर आणि गाडी तपासणीत उत्तीर्ण होण्यासाठीची दुरुस्ती वेगळी.

परराज्यातली स्वस्त गाडी हा तर मोहाचा सापळा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये निर्बंध आणले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते कायम झाले. तेव्हापासून तिकडच्या गाड्यांना इतर राज्यांत गिऱ्हाईक शोधले जाऊ लागले. अशी गाडी आणली, तर मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रातली नवी नोंदणी आणि वयानुसार येणारा इथला वाहन कर, असे तिन्ही सोपस्कार करावे लागतात. ते धरून हिशेब केला, की दिल्लीची स्वस्ताई पुण्यापर्यंत येता येता संपलेली असते.

नाव न बदलण्याची किंमत

सर्वांत महागडा छुपा खर्च कोणत्याच बिलावर नसतो. गाडी विकणारा फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कागद व्यापाऱ्याकडे सोपवतो. व्यापारी गाडी स्वतःच्या नावावर करीत नाही; गिऱ्हाईक मिळेपर्यंत ते सह्या केलेले कोरे कागद टेबलाच्या खणात पडून राहतात. गिऱ्हाईकही ‘करू सावकाश’ म्हणून गाडी तशीच फिरवतो.

याचा परिणाम काय होतो, ते सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने दाखवून दिले. एका मोटारीच्या मालकाने ती २००७ मध्ये विकली होती. त्यानंतर ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली, पण नोंदणीवर नाव पहिल्याचेच राहिले. मे २००९ मध्ये त्या मोटारीने अपघात झाला आणि त्यात एका मुलाचा जीव गेला. भरपाई कोणी द्यायची, या प्रश्नावर न्यायालयाने सांगितले की, नोंदणीवर ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. अपघातग्रस्तांनी एकापाठोपाठ एक खरेदीदारांचा माग काढत फिरावे, ही अपेक्षा चुकीची आहे. ज्याने दोन वर्षांपूर्वीच गाडी विकली होती, त्याच्यावरच भरपाईची जबाबदारी आली.

कायद्याने राज्यांतर्गत विक्रीसाठी विकणाऱ्याला १४ दिवसांत आणि घेणाऱ्याला ३० दिवसांत हस्तांतराची सूचना आरटीओला देण्याचे बंधन घातले आहे. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये नियम बदलले आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी अधिकृत परवान्याची पद्धत लागू केली. अधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी सोपवल्याची सूचना पोर्टलवर दिली, की तोच मानीव मालक ठरतो आणि त्याच्या ताब्यातल्या गाडीची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून गाडी घेताना आणि विकतानाही ‘अधिकृत परवाना आहे का’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मूळ मालकाशी एकदा फोनवर तरी बोलावे. किती गाडी चालली, का विकली, किती रुपयांना विकली, या तीन प्रश्नांची उत्तरे बरेच काही सांगून जातात.

फसवणूक झालीच तर

व्यापाऱ्याकडून किंवा कंपनीकडून घेतलेल्या गाडीबाबत ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा आधार घेता येतो. ५० लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते आणि ५ लाखांपर्यंत तिला शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र शेजाऱ्याने किंवा ओळखीच्या माणसाने स्वतःची गाडी विकली असेल, तर तो व्यापारी ठरत नाही आणि हा मार्ग सहसा बंद होतो. तिथे दिवाणी दावा किंवा फसवणुकीची पोलिस तक्रार एवढेच उरते. दोन्ही ठिकाणी तोंडी आश्वासनाला किंमत नसते. मूळ जाहिरातीचे छायाचित्र, मोबाइलवरचे संदेश, इसाराची पावती, हेच उद्याचे साक्षीदार.

खरेदीपूर्वी...

* एकूण रक्कम आणि इसार परत मिळण्याच्या अटी, दोन्ही लेखी घ्या. त्यापूर्वी इसार देऊ नका.
* चासी आणि इंजिनचे क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी स्वतः जुळवून पाहा. कितवा मालक, बोजा आहे का, हे परिवहन पोर्टलवर तपासा.
* जुने कर्ज फिटले असेल, तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ हाती घ्या.
* पैसे रोख न देता बँकेमार्फत द्या.
* दोन्ही चाव्या मागा. नवी चावी करून घ्यायला काही हजार रुपये लागतात.
* हस्तांतराचा अर्ज पोर्टलवर भरून त्याचा क्रमांक मिळेपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवा. हे आधीच ठरवून घ्या.
* विमा १४ दिवसांच्या आत नावावर करा. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद झाल्याची खात्री करून नवा घ्या.

गाडी पाहायला जाताना घरातली सगळी मंडळी हौसेने येतात. कागद पाहायला मात्र एकट्याने आणि शांतपणे जावे. गाडीचा रंग आवडला की नाही, हे ठरवायला पाच मिनिटे पुरतात. तिचे कागद स्वच्छ आहेत की नाही, यासाठी एक दिवस दिला, तर पुढची पाच वर्षे ती गाडी खऱ्या अर्थाने आपली राहते.